सगुणाबाईंची शून्य क्षमता

पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा बांध श्रावणात फुटला आणि गावाने तो त्याच ओहोटीत बुजवून टाकला. खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, पडली होती ती नेमकी सगुणाबाईंच्या दोन एकर भाताच्या तोंडाशी. बाईंनी हाक दिली, तीस माणसं चिखलात उतरली, ढेकळं नि पेंढा हातोहात पुढे गेला आणि भरतीचं पाणी बाहेरच्या बाहेर परत गेलं. इथवर सगळं ठीक होतं. पंचाईत पुढे झाली.

दोन दिवसांनी क्षमतावृद्धी कक्षाचे प्रवीणसाहेब जीपमधून उतरले. हे गाव 'लोकसंस्था बळकटीकरण व बदल व्यवस्थापन अभियाना'त होतं आणि पाहणी अहवालात त्याची क्षमता शून्य नोंदवलेली होती. बुजलेली खांड पाहून साहेबांचा चेहरा उतरला.

"हे कोणी केलं?"

"आमीच की," सगुणाबाई कौतुकाच्या आशेने म्हणाल्या.

"प्रशिक्षणाआधी? बाई, तुम्हाला हे येत नाही. तशी वरिष्ठांची सही आहे."

साहेब मनाने वाईट नव्हते, म्हणून तर त्यांची जास्त चीड येते. त्यांनी मार्ग काढला. खांड पूर्ववत उघडायची, तिचा फोटो घ्यायचा, मग रोह्याला तीन दिवस प्रशिक्षण आणि चौथ्या दिवशी शास्त्रशुद्ध बुजवणी. ऐकलं तर गावाला सिमेंटची पक्की उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडणारा आणि खाडीचं अडवणारा दरवाजा. नाही ऐकलं तर नाव यादीतून बाद.

"साहेब, तिसऱ्या दिवशी पिठोरी अवस हाय. उधाण येल. खारं पानी शिरलं तं तीन वर्सं भात नाय."

"उधाण कोणत्या खात्याकडे येतं?" साहेबांनी वही उघडली. "त्यांना पत्र देऊन ठेवू."

पक्क्या उघाडीसाठी बाई वीस वर्षं अर्ज करत होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्याच हाताने बांधावर फावडं घातलं.

रोह्याच्या सभागृहात ती तीसही माणसं एसीच्या गारठ्यात आखडून बसली. फुगे फुगवून झाले, रंगीत कार्डं चिकटवून झाली. बांध बुजवायला सगळ्यात आधी काय लागतं, या प्रश्नाला बाईंनी 'चिखल' असं उत्तर दिलं. बरोबर उत्तर 'समन्वय' होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या सुनेचा, ऋतुजाचा फोन आला.

"आई, पानी आत शिरलं! आपला भात सगला बुडला!"

सगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "माजं शेत गेलं!"

"वा! मोकळेपणाने व्यक्त झाल्याबद्दल बाईंसाठी टाळ्या," प्रशिक्षक म्हणाले.

समारोपाआधी निघणाऱ्याला प्रमाणपत्र नव्हतं आणि प्रमाणपत्राशिवाय खांडीला हात लावायचा नव्हता. त्यामुळे बाई आभारप्रदर्शन संपेपर्यंत बसल्या. गाव परतलं तेव्हा आठ हातांची खांड साठ हात झाली होती. अहवालात गावची क्षमता मात्र ब्याण्णव टक्क्यांवर गेली होती. उघाडीचा अर्ज परत आला. सक्षम गावाला तिची आवश्यकता नाही, असा त्यावर शेरा होता.

मग साहेबांनी सगुणाबाईंना त्यांच्याच शेतात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं केलं आणि हातात प्रमाणपत्र दिलं. बाई ढसाढसा रडत होत्या. 'बदलाला सामोरी जाणारी रणरागिणी, डोळ्यांत आनंदाश्रू' असं लिहून तो फोटो सगळीकडे फिरला. तुमच्या ग्रुपवरही आला होता. त्याखाली 'सलाम, ताई' लिहून तुम्ही तो चौघांना पुढे पाठवलात.