काहूनचा रकाना

आवडीला कारण लागत नाही, हे सर्वमान्य आहे. नावडीला मात्र लागतं, आणि ते लेखी असलेलं बरं. ज्याला एखादी गोष्ट आवडते तो "बस, आवडते" एवढं बोलून सुटतो. ज्याला आवडत नाही त्याला समोरचा ताबडतोब विचारतो, "काहून?" नागपुरात हा प्रश्न इतक्या सहजपणे येतो की उत्तर खिशात असल्याशिवाय इथे कुणी कुणाचा राग करू नये.

मनीषनगरच्या नत्थूजी हटवारांचं उत्तर खिशात मावेना, म्हणून त्यांनी त्याचं रजिस्टर केलं.

नत्थूजी वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले. त्यामुळे मापात मारलेला राग त्यांना खपत नाही. करायचा तर पूर्ण किलोचा. ते प्रभात हॉकी क्लबचे चाहते आहेत. क्लबला आणखीही चाहते आहेत (आठ, आणि ऊन फार नसेल तर नऊ), पण ते नुसत्या टाळ्या वाजवतात. दर डिसेंबरात चार रविवार चालणाऱ्या संत्रा चषक स्पर्धेत आठ संघ खेळतात. त्यांपैकी एक प्रभात. उरलेल्या सातही संघांचा राग करण्याची जबाबदारी नत्थूजींनी २००७ पासून एकट्याने उचलली आहे.

रजिस्टरचे तीन खंड आहेत. रकाने असे: तारीख, सामना, निकाल, नोंदीचा क्रमांक, आणि शेवटचा, सर्वांत रुंद रकाना: 'काहून'. प्रभातचा सामना नसेल त्या दिवशीही नत्थूजी मैदानावर हजर असतात. राग फक्त आपल्या सामन्यापुरता ठेवणं हा त्यांच्या मते उघड पक्षपात आहे. २०२० साली स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी सातही संघांपुढे 'न कळवता गैरहजर' अशी नोंद आहे.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. या दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम म्हणून बेरजेचं काम माझ्याकडे आलं. नागपूरजवळच्या कुही या तालुक्याच्या गावच्या एकट्या संघाविरुद्ध २१२ कारणं निघाली. वर्गवारी अशी: खेळासंबंधी ३१, पंचांनी केलेले पण कुहीच्या नावे लिहिलेले अन्याय ५८, वागणूक ४९, खाणं २७, हवामान १९, आणि 'असंच' २८. खाण्याखालच्या नोंदी शास्त्रीय दृष्ट्या विशेष मोलाच्या आहेत. २०१२ पर्यंत कुहीचे खेळाडू आपला चिवडा कुणाला देत नाहीत, अशी तक्रार आहे. २०१३ पासून ते देतात, अशी आहे.

काही कारणं मात्र खरोखर वजनदार. 'ऐन धानाच्या चुरणीतही (मळणीत) अकराच्या अकरा येतात.' 'जिंकल्यावर लगेच शेवटची बस पकडतात, टोमणे ऐकायला थांबत नाहीत.' बुटीबोरीच्या कामगार संघाविरुद्धचं पहिलं कारण तर भाषाशास्त्रज्ञांनी पाहावं असं आहे. त्या संघात सात राज्यांची मुलं आहेत, त्यामुळे आपण ओरडलेलं त्यांना कळत नाही. ते हात हलवून दाद देतात. शिवाय त्यांचे कपडेही प्रभातसारखेच संत्र्याच्या रंगाचे. त्यापायी २०१६ साली नत्थूजींनी सबंध दुसरा हाफ आपल्याच संघाला नावं ठेवली. चूक लक्षात आल्यावर त्यांनी संघाचं नाव खोडलं, कारणं तशीच ठेवली. कारणं बरोबर होती.

यंदा स्पर्धेसाठी सोळा अर्ज आले. तेव्हा समितीने ठरवलं की सलग पंधरा वर्षं (२०२० माफ) खेळल्याचा पुरावा देईल त्याच संघाला प्रवेश. समितीची स्वतःची कागदपत्रं २०१८ पासून 'स्थलांतरात' असल्यामुळे पुरावा ज्याचा त्याने आणायचा होता.

दुसऱ्याच दिवशी कुही संघाच्या सचिव प्रेमिलाताई भोयर नत्थूजींच्या दारात उभ्या राहिल्या. त्या शाळेत खेळ शिकवतात.

"काकाजी, आमच्या फायलीले वाळवी लागली. गावात सगळ्यायले विचारलं. सगळे म्हणतात, खेळले ना, मस्त खेळले. कवा, ते कोणालेच सांगता येत नाही."

"जिंकलेल्या मॅचा तरी?"

"त्या तर बिलकुलच नाही. जिंकल्यावर कोण ध्यानात ठेवते, जी?"

नत्थूजींना हे लागलं. "मॅडम, तुमी आमाले अकरा वेळा हरवलं."

"नऊ ना?"

"अकरा! दोन विसरल्या तुमी." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कुहीसाठी असा कापरा झालेला कुणी ऐकला नव्हता. एवढा जीव लावून आपण राग करायचा आणि समोरच्याने स्वतःचे विजयसुद्धा लक्षात ठेवू नयेत!

स्वयंपाकघरातून भागीरथाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला. "देऊन द्या ना ते रजिस्टर. घरात तेवढीच जागा होईन."

प्रेमिलाताई चहा पिऊन, उद्या येते सांगून गेल्या. नत्थूजींनी मला बोलावलं. कुही बाहेर गेली तर प्रभात उपांत्य फेरीत जाण्याची शक्यता किती, हे त्यांना हवं होतं. मी गणित करून सांगितलं: आता अकरा टक्के, मग अडतीस. ते बराच वेळ अडतीस या आकड्याकडे पाहत बसले. मग त्यांनी रजिस्टरचं पुढचं कोरं पान उघडलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मंग इथं काय लिहू वं पोरी?"

यावर संख्याशास्त्रात उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तीन खंड पिशवीत घालून ते प्रेमिलाताईंबरोबर समितीपुढे गेले. वजन पेलायला मी होते.

समितीचे सचिव जितेंद्र लांजेवार यांनी पहिला खंड मध्येच उघडला. "काकाजी, इथं लिहिलं हाय, 'कुहीचा गोलकीपर हसतो.' हा पुरावा कसा काय झाला?"

"हसाले त्याले तिथं यावं लागलं का नाही?"

समितीने आपसांत कुजबुज केली. मुद्दा बिनतोड होता.

"पण तुमी खरंच लिहिलं कशावरून?"

"मी त्यायचा राग करतो, साहेब," नत्थूजी छाती काढून म्हणाले. "त्यायच्यासाठी खोटं काहून लिहीन? आवडणारा माणूस खोटं लिहिते. त्याच्या काट्यात खोट असते. माह्या नाही."

कुहीला प्रवेश मिळाला. प्रेमिलाताई नत्थूजींच्या पाया पडायला वाकताच ते दोन पावलं मागे सरकले आणि घरी येऊन त्यांनी ही २१३वी नोंद केली (वर्ग: वागणूक).

समिती मात्र त्यांच्या बोलण्याने इतकी प्रभावित झाली की दोन दिवसांत परिपत्रक निघालं. ते मी जसंच्या तसं देते:

'असे निदर्शनास आले आहे की, चाहत्यांची साक्ष "मस्त खेळले" या दोन शब्दांपलीकडे जात नाही. सबब प्रत्येक संघाने, सलग पंधरा वर्षे त्या संघाचा राग करणाऱ्या किमान एका सज्ञान व्यक्तीचा सकारण दाखला सात दिवसांत सादर करावा. चाहत्याने दिलेला दाखला, त्याच्या काट्यात खोट असल्याने, ग्राह्य धरला जाणार नाही.'

पुढचे तीन दिवस नत्थूजींच्या आयुष्यातले सर्वांत मानाचे होते. सातही संघ त्यांच्या दारात. कुणी मिठाई आणली, कुणी शाल. एका कॉलेजच्या कप्तानाने आपल्या संघाविरुद्धची कारणं वाचता वाचता डोळे पुसले. आमच्या प्रिन्सिपॉललाही आम्ही इतके माहीत नाही, असं तो म्हणाला. नत्थूजींनी सातही दाखले दिले. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा राग, काट्यावर तोलून, ग्रॅमचाही फरक न करता.

चौथ्या दिवशी प्रभातच्या कप्तानाने सहज विचारलं, "काकाजी, आपला दाखला कोन देऊन राहिलं?"

नत्थूजींनी लगेच रजिस्टर पुढे ओढलं.

त्यांच्या तिन्ही खंडांत प्रभातचा प्रत्येक सामना होता. पण ते प्रभातचे चाहते होते आणि चाहत्यांच्या काट्याबद्दलचं शास्त्रीय मत त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं. त्यांनी कुहीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या इकडं आमचा राग करणारं कोणी असन ना?"

"प्रभातचा? नाही जी, काकाजी. पोट्टे तर म्हणतात, प्रभात म्हणजे आरामाची मॅच."

"एखादा तरी? थोडासा?"

"विचारून पाहते. पण मले वाटत नाही."

बुटीबोरीचा कप्तान म्हणाला, "अंकल, आप लोग तो बहुत अच्छे हैं." अठरा वर्षांत इतकं टोचणारं वाक्य आपल्याला कुणी ऐकवलं नाही, असं नत्थूजींचं मत झालं. एवढ्या मोठ्या शहरात आणि दोन तालुक्यांत प्रभातचा राग करणारा एकही माणूस मिळेना. लोक आठवायचा प्रयत्न करत, डोकं खाजवत, आणि शेवटी म्हणत, चांगली पोरं हायेत.

सहाव्या दिवशी दुपारी मी खाली गेले तर नत्थूजींपुढचं ताट तसंच होतं.

"प्रभात गेली वं," ते भागीरथाकाकूंना म्हणत होते. "कोणाले तिचा रागच नाही."

"जेवून घ्या, जी. गेली तं गेली." काकू अंबाडीची पानं खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माह्या भावाचं लगन होतं, २०१० साली, बारा डिसेंबर. वरात निघाली तं तुमी कुठं? प्रभातची मॅच. हारले, तीन-एक."

नत्थूजींचा हात ताटाकडे जाता जाता थांबला.

"२०११. काजलले पाहाले पाहुणे आले होते. तुमी मैदानावर. हारले, दोन-शून्य. पाहुण्यायनं विचारलं, मुलीचे वडील कुठं? मी म्हटलं, अर्जंट काम हाय. २०१४. पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं माझं. तुमी मॅच सुरू व्हायच्या आंधी आले आणि व्हिजिटिंग टाइम संपायच्या आंधी गेले. हारले, चार-शून्य. चारही गोल तुमी गेल्यावर झाले. थांबले असते तं झाले नसते, असं मले कितीदा वाटलं."

"हे सगळं तुले कसं माहीत?"

"संध्याकाळी घरी येऊन मलेच सांगत होते ना? दुसरं कोन ऐकून राहिलं होतं?"

मी वही काढली. २०१० ते २०२४. साखळीचे बेचाळीस आणि उपांत्य फेरीचा एक, अशा एकूण त्रेचाळीस सामन्यांपैकी एक्केचाळीस तारखेनिशी, निकालासकट आणि घरात त्या दिवशी कोण आजारी होतं त्यासकट निघाले. उरलेल्या दोन वेळी काकू माहेरी होत्या. २०२० साली स्पर्धा नव्हती, याची मी आठवण दिली.

"त्या वर्षी ते घरीच होते," काकू म्हणाल्या. "त्याचं येगळं लिहून घे."

सगळी यादी मी रजिस्टरशी ताडून पाहिली. फरक फक्त एका ठिकाणी आला: २०१३ चा एक सामना रजिस्टरमध्ये बरोबरीत सुटला होता, काकूंच्या मते प्रभात हरली होती. नत्थूजी हळूच म्हणाले, "हारलीच होती. लिहाची इच्छा झाली नाही."

दुसऱ्या दिवशी, मुदत संपायला चाळीस मिनिटं बाकी असताना, काकू समितीपुढे बसल्या. जितेंद्र लांजेवारांनी कायदेशीर शंका काढली. "काकू, यजमान चाहते हायेत. तुमालेही थोडी आवड असनच ना?"

"थोडी?" काकू म्हणाल्या. जितेंद्ररावांनी दोनदा पाणी प्यायलं आणि शिक्का पुढे ओढला.

दाखल्यातला काहूनचा रकाना तेवढा कोरा होता. पंधरा वर्षांची पंधरा कारणं हवी होती. काकूंनी पेन घेतलं, वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली आणि तिच्या शेजारी एकच शब्द लिहिला: 'रविवार'.

इतकी सातत्यपूर्ण नावड समितीने आजवर पाहिली नव्हती. प्रभातला प्रवेश मिळाला. पहिल्याच रविवारी ती कुहीकडून पाच-एकने हरली. नत्थूजी सामन्याला गेले होते. या वेळी काकूंना सोबत घेऊन गेले, आणि संध्याकाळी सामना कुणाला सांगायचा हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला.

वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. गेली पंधरा वर्षं आपण होतो, याचा पुरावा कधी ना कधी कुणी तरी मागतं. तेव्हा मित्रांकडे जाऊ नये. ते 'मस्त माणूस' म्हणतील आणि तारीख विचारली की छताकडे पाहतील. त्यापेक्षा आत्ताच आत जाऊन घरच्या माणसाला सहज विचारून पाहावं, की अमुक साली अमुक दिवशी मी कुठे होतो. उत्तर तारीखवार आलं तर निश्चिंत राहावं, आपली नोंद आहे. "आता काही आठवत नाही, तुमचं सगळं चांगलंच असतं," असं उत्तर मिळालं, तर आपली मुदत संपली असं समजावं.