एकशें तेवीस चुलींची हकीगत

श्री दर्याराज तुष्टमान असो. पाणी खारे, माणसांचे बोलणे त्याहून खारे, परंतु जैसे घडले तैसे लिहावे ऐसी आज्ञा जाहली, सबब लिहिले असे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, श्रावण शुद्ध पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण जाहला, आणि त्याच दिवशी थोरल्या दौलतीतून दर्याकाठच्या संस्थानास सनद आली. सनदेतील मजकूर की, सालांत मासळी दोन हजार पन्नास पाट्या धरावी, त्याउपर एक शेपटी धरू नये. यास नवे लोक कोटा म्हणतात. त्याची वाटणी गावानें आपली आपण करावी, आणि सालअखेर मुलखाचे कल्याणाचे एक काम उभे करून दाखवावे, न दाखविल्यास सनद रद्द. मग संस्थानाधिपती हशा पाटील यांनी सभा भरविली आणि पूर्वापार रीत सांगितली की, चूल एक, वाटा एक. चुली एकेचाळीस, दर चुलीस पाट्या पन्नास. हिशेब चोख बसला, आणि सर्वत्रांस आनंद जाहला, तो चार दिवस टिकला.

पांचवे दिवशी एका शहाण्याने विचार केला की, वाटा चुलीस मिळतो तर चुली वाढवाव्या. ही मसलत त्याने कोणास सांगितली नाही, सबब दोन प्रहरांत सर्व गावास कळली. मग घरोघर एकाच्या तीन चुली जाहल्या. बाप निराळा, लेक निराळा, सून निराळी. जोमा नाखव्याचे घरीं एक चूल जोम्याची, एक त्याची बायको वनाबाई हिची, एक आई गोमाबाई हिची, ऐशा लटक्या मांडिल्या. भात मात्र एकाच ठायी शिजे. ऐसियास थोरल्या दौलतीतून धूरपाहणीस कारकून आले. त्यांनी नव्या चुलींचे जागीं गॅसच्या शेगड्या पाहून मान हलविली की, यांस धूर नाही, धूर नाही ते चूल नाही. तेव्हां संस्थानास धोंड्यांची गरज पडली. रेतीचा मुलूख, धोंडा कोठें मिळावा? धक्क्यास मिळाला. ज्या धक्क्यास होड्या लागत तो एके सकाळीं उचलला, आणि दर नव्या चुलीस तीन, ऐसे दोनशें सेहेचाळीस धोंडे घरोघर गेले. कारकून पुन्हा आले, सर्वत्र धूर पाहिला, डोळे पुसले, आणि समाधान पावल्याचे दप्तरी लिहिले. वर हुकूम केला की, उद्यांपासोन झाकण उघडून भातही पाहूं.

मग चुली खऱ्या जाहल्या. जोमा आपला भात आपण करपवी आणि खाई. वनाबाई भिंतीकडे तोंड करून जेवी. एके दिवशी गोमाबाई सवयीने सुनेचे कालवणात मीठ घालूं गेली, तों सून बोलली, "आये, तुमचा मीठ तुमचे चुलीत घाला." तेथोन बोलणे तुटले. इकडे वाटणी जाहली: चुली एकशें तेवीस, दर चुलीस पाट्या सोळा आणि एका पाटीचे दोन तृतीयांश. ज्या घरीं तीन चुली त्या घरास पन्नासच पोहोंचल्या. हे गणित हशा पाटलांनी तीन वेळां केले, तिन्ही वेळां पन्नासच आले. धक्का नाही सबब बाया कंबरभर पाण्यांत उतरोन पाट्या आणीत, आणि कल्याणाचे कामाचा पत्ता नव्हता.

फाल्गुनांत सभा भरली. सनद जाते म्हणोन सर्व चिंताक्रांत, इतक्यांत गोमाबाई डोईवर पाटी घेऊन आली आणि तीन काळे धोंडे पाटलांपुढें ओतले.

"पाटला, ही घे माजी चूल. मना नको."

पाटील बोलिले, "गोमाबाय, शानी हो. तुजे घराला सोला पाट्या कमी येतील."

"मासली घेऊन करू काय? समोर कोन जेवाला नाय, तं घास गल्याखाली उतरत नाय."

मग जोमा उठून गेला आणि आपले तीन धोंडे घेऊन आला. त्याच्या चुलीचे कोणास दुःख नव्हते. बायांचे बाजूने वनाबाई उठली आणि पदर सांवरून म्हणाली, "माजी चूल राऊं दे. आये, आज येवा जेवाला. मीठ तुमीच घाला." मग एकामागें एक घर उठले. सायंकाळपावेतो पाटलांपुढें धोंड्यांची रास पडली, आणि रास कोठें ठेवावी हा विचार पडला, तेव्हां जेथून आणिली तेथेंच नेऊन रचिली. चैत्रांत कारकून आले, धोंडे एका अंगास काळे पाहून खूष जाहले आणि लिहिले की, कोट्याचे योगें संस्थानांत नवा धक्का उभा राहिला, काळ्या पाषाणाचा, मजबूत. सनद कायम जाहली.

येणेप्रमाणें साल सरले. चुली एकेचाळीस, दर चुलीस पाट्या पन्नास, धक्का होता तितकाच. जोम्याचे घरीं कालवणात मीठ अंमळ जास्त पडते. सून काही बोलत नाही, पाणी पिते.