साडेपंधरा, सोळा, सतरा

इचलकरंजीत आमच्या घरी वाहन म्हणजे वडिलांची सायकल. वडील दुसऱ्याच्या मागावर बारा तासांची पाळी करायचे, आई घरात कांड्या भरायची, आणि एका खोलीत आम्ही पाच जण झोपायचो. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. इंजिनिअर झालो, नोकरी लागली, २००५ साली कंपनीनं न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला पाठवलं. इथे येऊन आठ दिवसांत कळलं, की डिग्री असली तरी गाडी येत नसेल तर माणूस घरात बसतो. दूध आणायलासुद्धा दुसऱ्याच्या गाडीतून जावं लागायचं.

ती दुसऱ्याची गाडी वझलवार काकांची. ते मूळचे नागपूरचे, माझ्याच ऑफिसात, आणि माझ्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे. पहिल्या दिवशी मी गाडीत बसलो तर त्यांनी नाव-गाव विचारलं नाही. विचारलं ते हे:

"वय सांग. वर्षं अन् महिने."

"सव्वीस. वर चार महिने."

"लायसन्स?"

"नाही."

"म्हणजे तू अजून साडेपंधराचाही नाहीस," काका म्हणाले आणि गाडी सुरू केली.

काकांचा हा नाद सगळ्या मराठी मंडळाला माहीत होता. अमेरिकेत अठराच्या आतल्या पोरांना गाडी एकदम हातात देत नाहीत. आधी शिकाऊ परमिट, मग अटींचं कच्चं लायसन्स, मग पक्कं. पण कोणत्या वयाला काय, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. काकांकडे पन्नास राज्यांच्या नियमांची जाडजूड फाइल होती. गणपतीच्या जेवणात ते हातात प्लेट घेऊन आयांना गाठायचे. "मुलगी कितीची झाली? महिने सांगा." एडिसनच्या एक बाई घाईघाईनं म्हणाल्या होत्या, "अहो, तिचं लग्नाचं इतक्यात नाही हं आमच्या मनात!"

"लग्न काऊन? परमिटचं बोलून राहिलो मी," काका म्हणाले. "जर्सीत सोळाला परमिट, सतराला लायसन्स. साउथ डकोटात चौदाला परमिट! अन् न्यूयॉर्क शहरात अठराच्या आतलं लायसन्स चालतच नाही. बाप्पा, इथं पोरगी गाडीत बसल्या बसल्या पूल ओलांडला की लहान होते, अन् परत आली की मोठी होते."

बाईंनी श्रीखंड घ्यायच्या निमित्तानं पळ काढला.

नाद कशामुळे लागला ते मला काकांनीच सांगितलं. २००२ च्या मंदीत स्मिताकाकूंची नोकरी गेली. पुढची मिळाली ती पार कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. बारा वर्षांची लेक रेवा आईबरोबर गेली. काकांना जाता येईना, कारण तिघांच्या ग्रीन कार्डाचे कागद काकांच्या नोकरीवर अडकलेले. नोकरी सोडली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणून काका वर्षातून दोनदा विमानानं जायचे आणि एरवी नियम वाचायचे. कॅलिफोर्नियात साडेपंधराला परमिट, सोळाला लायसन्स. आणि मध्ये पन्नास तासांचा सराव, मोठं माणूस शेजारी बसवून.

"पन्नास तास, दत्ता!" काका म्हणायचे. "त्या वयाची पोरगी पन्नास तास बापाशेजारी कधी बसते का? इथं सरकार बसवून राहिलं. त्यातले दहा तरी माझे पाहिजेत."

त्यांना आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं मी ऐकलं नाही.

तोवर त्यांनी मला शिकवायला घेतलं. जर्सीत एकवीसच्या वरच्या नवशिक्यालाही आधी परमिट आणि मग वर्षभर कच्चं लायसन्स असतं, पण तासांची वही कोणी मागत नाही. काकांनी मागितली. "जर्सी मागत नाही, पण कॅलिफोर्निया मागते. आपण जास्तीत जास्त कडक राज्य धरायचं." रविवारी सकाळी स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी पंधरा मैलांच्या वेगानं गोल फिरायचो आणि काका शेजारी बसून अखंड बोलायचे. "आरसा. खांद्यावरून बघ. खांद्यावरून म्हटलं, खांद्याकडे नाही! ब्रेक हळू. पायाखाली झुरळ आहे का?" एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, जरा गप बसता का?" तर म्हणाले, "गप बसणारा शेजारी कोणत्याच राज्यात चालत नाही." पन्नास तास भरल्यावरच त्यांनी मला टेस्टला बसू दिलं. मी पहिल्या फेरीत पास झालो. इचलकरंजीला फोन केला तर वडील म्हणाले, "हळू चालव रे बाबा."

जानेवारीत रेवा साडेपंधराची झाली. काकांनी एप्रिलची दोन आठवड्यांची रजा टाकली. मार्चमध्ये आमच्या प्रोजेक्टची तारीख पुढे सरकली आणि मॅनेजरनं सगळ्यांच्या रजा कॅन्सल केल्या. जूनची टाकली, तीही गेली. काकांनी भांडण केलं नाही. ज्याचे कागद कंपनीच्या हातात, तो भांडत नाही.

मग मी एक गोष्ट पाहिली. शनिवारी दुपारी काका खाली पार्किंगमध्ये आपल्या बंद गाडीत बसलेले असायचे. सीटबेल्ट लावलेला. ड्रायव्हरच्या जागी नाही, शेजारच्या. मला वाटलं, चावी विसरले. जवळ गेलो तर मांडीवर फोन होता, स्पीकरवर. तिकडे फ्रीमाँटला स्मिताकाकू रेवाला घेऊन सरावाला निघत होत्या.

"बेटा, आरसा?"

"येस बाबा."

"सीटबेल्ट? आईचा?"

"बाबा, रिलॅक्स."

"बरं, आता ठेवतो. चालवताना बोलू नये," असं म्हणून काकांनी स्वतःच फोन बंद केला. पण गाडीतून उतरले नाहीत. तासाभरानं मी कपडे धुवून आलो तरी बसलेलेच होते.

जुलैत रेवाला सोळा पूर्ण झाली आणि लायसन्स मिळालं. पन्नासच्या पन्नास तासांवर काकूंची सही. काकांनी ऑफिसात पेढे वाटले. मी म्हणालो, "अभिनंदन काका." ते म्हणाले, "हूं," आणि फाइलमधलं कॅलिफोर्नियाचं पान काढून श्रेडरमध्ये घातलं.

ऑगस्टमध्ये रेवा दोन आठवडे वडिलांकडे आली. उंच झाली होती, कानात मोठ्या बाळ्या. पाकिटातून लायसन्स काढून मला दाखवलं. मी म्हटलं, "चल, काकांना फिरवून आण." तिनं हात पुढे केला. "बाबा, कीज?"

"जर्सीत सतरा," काका म्हणाले.

"पण माझं कॅलिफोर्नियाचं आहे!"

"असू दे. बाहेरचं लायसन्स असलं तरी इथं सतराच्या आत चालत नाही."

"दॅट्स सो अनफेअर."

रेवा आत गेली. मी हळूच म्हणालो, "काका, पार्किंगमध्ये तरी. कोण बघतंय?"

"मी बघून राहिलो नं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र मॅनेजरनं रजा नाकारल्यावर व्हावा तसा झाला होता, आणि नाकारणारे ते स्वतःच होते.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी माझं दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद.

"चल. पेनसिल्व्हेनिया."

नदीपलीकडचं राज्य, अर्ध्या तासावर. तिथे बाहेरचं लायसन्स सोळाला चालतं. काकांनी शुक्रवारी तिथल्या लायसन्सच्या ऑफिसला तीनदा फोन करून विचारलं होतं. तिसऱ्यांदा तिथली बाई म्हणाली होती, "सर, प्लीज, लेट द गर्ल ड्राइव्ह."

"मग मला कशाला नेताय?"

काका जिन्याकडे बघत म्हणाले, "येताना माझ्यानं चालवणं झालं नाही तर? कोणी तरी पाहिजे नं."

पूल ओलांडला. पहिल्याच पार्किंगमध्ये काकांनी गाडी थांबवली, उतरले, वळसा घालून शेजारच्या जागी बसले. रेवा ड्रायव्हरच्या जागी, मी मागे. तिनं सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, खांद्यावरून पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली.

मी वाट बघत होतो, आता आरसा म्हणतील, आता ब्रेक म्हणतील. काका एक शब्द बोलले नाहीत. रस्ता पाहत नव्हते. तिचे स्टिअरिंगवरचे हात पाहत होते.

"बाबा, से समथिंग. मला भीती वाटतेय."

"काही नाही गं बेटा," काका म्हणाले. "चालव."

नदीच्या कडेकडेनं ती गेली, एका गावातून वळली आणि परत त्याच पार्किंगला आली. इंजिन बंद केलं आणि विचारलं, "अजून एक राउंड?"

काकांनी नुसती मान डोलावली. डोळे पुसायला रुमाल शोधत होते, तो सापडत नव्हता.

त्या सकाळी रेवानं एकूण बावीस मैल गाडी चालवली. वझलवार काका शेजारी बसले होते.