अंकुशनगरच्या संगणकावरील मोहीम आणि नातीचे मुखदर्शन

श्री. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य दशमी, रविवार, ते रोजी अंकुशनगर मुक्कामी साखर कारखान्याचे वसाहतीत क्वार्टर नंबर सत्तावीस येथे जे रण माजले, त्याचे वर्तमान ऐसे. पुढील पिढीने घरी संगणक आणावा तर हे वाचूनच आणावा.

राजमान्य राजश्री भुजंगराव, कारखान्याचे वजनकाट्यावरील निवृत्त अंमलदार, मोठे कर्ते पुरुष. तीस वर्षे उसाच्या गाड्या तोलल्या, काट्याने कधी चूक केली नाही, आणि केली असता यांनी ती कबूल केली नाही. त्यांची कन्या सुरेखा मस्कत मुलखी दिली होती, तीस श्रावणमासी कन्यारत्न जाहले. तिकडून खलिता आला की, रविवारी तुमचे चार वाजता शेजारणीचा संगणक एक तास मिळतो, कॅमेऱ्यावर यावे, नात दाखविते. पुढे शेजारीण दोन महिने गावी जाणार, मग योग नाही. ते दिवसापासोन उषाबाईसाहेब यांनी नातीवाचून दुसरा विषय बोलणे तहकूब केले, आणि रविवारी दुपारीच ठेवणीतले लुगडे नेसोन संगणकापुढील खुर्ची काबीज केली.

मग यंत्र चालू केले, तो बोलाचालीचा जो प्रोग्राम त्याने पडद्यावर फर्मान काढिले की, आम्ही जुने जाहलो, आधी अपडेट करावे, मग बोलावे. भुजंगरावांनी टिचकी मारिली आणि हिरवी पट्टी दौडत निघाली, पंच्याण्णव टक्के मुलूख मारिला, आणि ऐन बुरजाखाली 'अपडेट अयशस्वी' म्हणोन माघारी फिरली. मग यंत्र बंद करोन पुन्हा चालू केले आणि दुसरी चढाई केली, तीही तेथेच मोडली. मग झालरीची झूल उतरविली, धूळ फुंकिली, उदबत्ती ओवाळिली आणि तिसरी चढाई केली. तीही गारद.

"तीन वाजले," उषाबाई म्हणाल्या. "काट्यावर बैलगाडी चढवून राह्यले का तुम्ही?"

"जरा दम धर. मी काय नुसता बसून राह्यलो का?"

"बसूनच तर राह्यले."

हा घाव वर्मी लागला. मग शहागडास फोन करोन चांदपाशा यांस कुमकेस बोलाविले. हा सरदार हायवेवरील ट्रकांचे टेप आणि अवघ्या पंचक्रोशीचे संगणक एकाच पेचकसाने दुरुस्त करीत असे. साडेतीनास लुना उडवीत आला, चहा नको म्हणाला, चहा घेतला, आणि पडद्याचे कोपऱ्यात बोट ठेवोन पुसता जाहला, "काका, हे तारीख कुणी बदलली? गेल्या सालचा ऑक्टोबर दाखवून राह्यलं."

भुजंगराव खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर पाहण्याजोगे काही नव्हते.

मग हळूहळू कबुलीजबाब जाहला तो ऐसा. सांप्रत पितृपक्ष चालू, नवे कार्य वर्ज्य, आणि नातीचे प्रथम मुखदर्शन तर याच पंधरवड्यात आले. लेकीचा वार बदलेना, सबब उषाबाई गिरणीत गेल्या असता भुजंगरावांनी गुरुवारी गुपचूप संगणकाचीच तारीख फिरविली आणि गेल्या दसऱ्यावर नेऊन बसविली. येता दसरा कसा जाईल कोणी पाहिला आहे? गेल्या दसऱ्यास मात्र हेच यंत्र घरी आले आणि काही वाईट घडले नाही. तपासलेला मुहूर्त.

चांदपाशाने कपाळास हात लाविला. "काका, अपडेटवर मोहोर यंदाची हाय. तुमचा कम्प्युटर म्हणतो, ही मोहोर तर अजून बनलीच न्हाई, म्हंजे माल खोटा. म्हणून दरवाजा लावून घेतो. त्याची बिलकुल गलती न्हाई."

"गेल्या दसऱ्याला पोरगी पोटुशी बी नव्हती," उषाबाई म्हणाल्या. "अन् हे त्या दिवशी नातीचं तोंड बघायला निघाले."

"पण पितरांचे दिवस, उषा. लेकराला काही..."

उषाबाईंचा आवाज उतरला. "पितरांचे दिवस हाय ना? मंग त्यांना बी बघू द्या की. त्यांची काय नात न्हाई ती?"

 मग भुजंगरावांनी स्वहस्ते तारीख खरी केली आणि चौथी चढाई सोडिली. चार वाजले तेव्हा पट्टी साठावर होती. सव्वाचारास पंच्याण्णवावर जाऊन थबकली, चांदपाशाने पेचकस वर धरिला तो तसाच राहिला, आणि पट्टीने एकदाची उडी घेऊन शंभर गाठले.

मग पडदा उजळला आणि दुपट्यात गुंडाळलेली नात दिसली. उषाबाईंनी काचेवरून हात फिरवोन कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. भुजंगराव मात्र उठोन गेले, भिंतीवरील कैलासवासी मातोश्री झुंबरबाई यांची तसबीर उतरवोन आणिली, पदराने पुसावी तशी सदऱ्याने पुसली, आणि पडद्यासमोर उभी केली.

तो मस्कतेहून सवाल आला, "बाबा, इकडं नुसती आजीच दिसून राह्यली. तुम्ही दोघं कुठं गेले?"

भुजंगरावांनी तसबिरीआडून हुकूम दिला की, थोरल्यांचे बघणे होऊ द्यावे, मग आम्ही.

येणेप्रमाणे चार वाजून चोवीस मिनिटांनी पणजी व पणती यांची भेट जाहली. पणतीने जांभई दिली, ती उभयपक्षी मान्य जाहली. मोहीम फत्ते. आमचे पक्षी कोणी जखमी नाही, फक्त गेला दसरा कामास आला. हे लिहितेवेळी तारीख दोनदा ताडून पाहिली असे.