एका टीव्हीला दोन कौल

अनिलच्या घरातला जुना टीव्ही श्रावणात हिरवा पडला. आधी बातम्या देणारी बाई हिरवी झाली, मग मालिकेतलं अख्खं सासर हिरवं झालं, आणि एक दिवस पडदा मिटून नुसता घूं असा आवाज उरला. खोक्यासारखे टीव्ही जाऊन पाटासारखे सपाट टीव्ही यायला लागले होते, त्या काळातली ही गोष्ट.

टीव्ही जाणं हे काही संकट नव्हतं. संकट हे होतं, की गणपती तोंडावर आले होते आणि मालगुंडजवळच्या त्या घराचे मालक तीन होते. थोरला हरिश्चंद्र डोंबिवलीला, मधला रघुनाथ बदलापूरला, आणि धाकटा अनिल गावात राहून रोज रत्नागिरीला एका सोसायटीच्या कचेरीत कारकुनी करणारा. घरातली प्रत्येक वस्तू तिघांच्या वर्गणीतून यायची, त्यामुळे टीव्हीही तसाच येणार होता. वर्गणी दोघांनी विनातक्रार पाठवली. तक्रार पुढे होती.

दादाचं आयुष्य बोटीवर गेलं होतं. सिंगापूरच्या कुठल्याशा हॉटेलात त्याने प्लाझ्मा टीव्ही पाहिला होता, आणि तेव्हापासून दुसरा टीव्ही त्याला टीव्ही वाटत नव्हता. सपाट टीव्हीचा दुसरा प्रकार, एलसीडी, म्हणजे मोठं केलेलं कॅलक्युलेटर, असं त्याचं मत. रघूभाई एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि वर्तमानपत्रातल्या पुरवण्या कापून ठेवायचा. त्याच्या मते प्लाझ्मा म्हणजे भिंतीवर टांगलेली इस्त्री. तापते फार आणि वीज खाते त्याहून फार.

दोघं एकमेकांशी बोलले असते तर भांडण होऊन मिटलंही असतं. पण ते अनिलशी बोलले.

दादाने फोनवर सांगितलं, की एलसीडी आणलास तर यंदा गणपतीला माझी वाट बघू नको. रघूभाई तर आणखी पुढे गेला. प्लाझ्मा आला तर तो बदलापुरात वेगळा गणपती बसवणार होता. मखरसुद्धा बघून ठेवलं होतं म्हणे.

अनिलच्या पोटात गोळा आला. वेगळा गणपती म्हणजे काय हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज मूर्ती वेगळी, उद्या चूल, परवा कलमांच्या बागेत तारेचं कुंपण. शिवाय वर्षभर अनिल जगायचा तो त्या पाच दिवसांसाठी. एरवी घरात तो आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी. गणपतीत मात्र पडवीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि न्हाणीघरासाठी नंबर लागायचे. त्या गर्दीत अनिल कुणाच्याही नजरेस न पडता सुखाने वावरायचा.

निर्णय घेणं हा त्याचा प्रांत नव्हता. कचेरीत चहा की कॉफी असं विचारलं तरी तो आधी साहेबांकडे बघायचा. तरी धीर करून तो रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेला. दुकानदार शुभंकर तरणाबांड आणि बोलका होता. त्याने बजेट विचारलं, अनिलने सांगितलं, आणि शुभंकरची नजर भिंतभर लावलेल्या टीव्हींवरून हळूहळू उतरत कोपऱ्यातल्या दोन लहान टीव्हींवर येऊन थांबली.

"ह्यातला कुठलाही बसेल. हा प्लाझ्मा, हा एलसीडी."

"चांगला कुठला?"

"दोन्ही चांगले, काका. प्लाझ्मात काळा रंग चांगला दिसतो, एलसीडीत उजेड चांगला दिसतो. तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे."

अनिलला दोन भाऊ एका पडवीत बसलेले बघायचे होते. ते कुठल्या टीव्हीत जास्त चांगले दिसतात, हे शुभंकरला सांगता येईना.

घरी ज्ञानेश्वरीने सगळं ऐकून घेतलं आणि कौल लावायचं सुचवलं. म्हणाली, "आपण ठरवलं तर आपलं नाव. देवानं ठरवलंन तर कोण बोलणार?" गावदेवाचा कौल मानणारं घर होतं. विहीर कुठे खणायची, दादाने बोटीवर जायचं की नाही, सगळं कौलाने ठरलेलं. अनिलला एकदम हलकं वाटलं. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल.

सोमवारी देवळात बाबल्या गुरवाने देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सभामंडपात पाच-दहा माणसं होती. टीव्हीचा कौल म्हटल्यावर आणखी पाच-दहा आली. बाबल्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझा लेकरू अनिल तुझ्या पायाशी इला हाय. त्याच्या घरात प्लाझ्मा नावाचा टीव्ही आणायचा हाय. त्या टीव्हीनं घरात सुख नांदणार असंल, भावाभावात इघ्न येणार नसंल, तर उजवा देऊन मोकळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

पाकळी बराच वेळ हलली नाही. मग उजवी टपकन पडली.

इथेच अनिलने नमस्कार करून घरी जायचं होतं. पण काळजीखोर माणसाला उत्तर मिळालं की ते बरोबर असेल का याची काळजी सुरू होते. उद्या रघूभाई म्हणेल, माझ्या एलसीडीबद्दल देवाला विचारलंस का? त्याने बाबल्याच्या कानात सांगितलं, की खात्रीसाठी तेही विचारून घे.

"देवाची उलटतपासणी करतोस?" बाबल्या म्हणाला. पण अनिलने दुसरा नारळही पुढे केला होता, म्हणून त्याने पाकळ्या पुन्हा लावल्या आणि तेच गाऱ्हाणं एलसीडीच्या नावाने घातलं. या वेळी उजवी पाकळी इतक्या चटकन पडली, की मंडळींचं "व्हय म्हाराजा" मागे राहिलं.

तिसऱ्यांदा विचारू का, असं अनिल पुटपुटला. बाबल्याने हात धुतले. "देवाक दोनी चालतत. आता तुझ्या भावांचा तू बघ."

अनिल घरी पोचायच्या आत कौल मुंबईला पोचला होता. गावात मोबाइलला रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर. दादाचा जुना दोस्त दर्शन पहिला कौल लागताच घाईने सडा चढला आणि त्याने डोंबिवलीला खबर दिली. दुसऱ्या कौलाच्या वेळी तो देवळात नव्हताच. उलट रघूभाईचा वर्गमित्र ओमकार देवळात आला तोच उशिरा. त्याने एलसीडीची उजवी पाकळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि पुढचं काही न ऐकता सड्यावर जाऊन बदलापूरला फोन लावला.

संध्याकाळी घरचा फोन वाजला. दादा होता, आणि त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "देवानं कौल दिलान, ऐकलं. आता रघूला चिडवू नका कुणी. त्याच्यापुढे टीव्हीचा विषयच काढायचा नाय. मनाला लावून घेतो तो."

अनिलने तोंड उघडलं, पण फोन ठेवला गेला होता. तो जागचा हलायच्या आत पुन्हा वाजला.

"दादाला काय बोलू नको हां," रघूभाई म्हणाला. "म्हातारा झालाय आता. देवानं माझ्या बाजूनं दिलान म्हणून मी काय मिरवणार नाय. त्याच्यासमोर विषय नको."

अनिल खुर्चीत बसला. दोघंही येणार होते. फक्त आता एकच टीव्ही एकाच वेळी प्लाझ्मा आणि एलसीडी असायला हवा होता.

शेवटी निवड त्याने केलीच नाही. दुकानातला प्लाझ्मा दरम्यान विकला गेला होता, दुसरा कोल्हापूरहून यायचा होता, आणि आंबा घाटात दरड आली होती. एलसीडी मात्र हजर होता. "पाहिल्यावर कळतं का हो, कुठला ते?" अनिलने विचारलं. शुभंकर म्हणाला, सहसा नाही. पण नाव कोपऱ्यात लिहिलेलं असतं, आणि प्लाझ्मा मागून चांगला तापतो.

कोपऱ्यातल्या नावाचा बंदोबस्त ज्ञानेश्वरीने केला. नव्या वस्तूची पूजा करायचीच असते. तिने बरोबर त्या अक्षरांवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तापण्याचा बंदोबस्त अनिलने केला. सजावटीच्या बल्बांची माळ त्याने टीव्हीच्या पाठीमागून फिरवली.

गणपती आले, भाऊ आले, घर भरलं. आणि अनिलच्या आयुष्यातले सर्वांत भयंकर पाच दिवस सुरू झाले. दादा टीव्हीसमोर बसला की हा दाराशी, रघूभाई बसला की हा खिडकीशी. दोघं एकत्र बसले की हा मधे, मोदकाचं ताट घेऊन. दुसऱ्या दिवशी दादा सहज उठला आणि त्याने टीव्हीच्या मागे हात घातला. बल्बांनी आपलं काम केलं होतं. दादा चटकन हात काढून समाधानाने हसला, आणि लगेच रघूकडे बघून त्याने हसू गिळलं. मग आपली आरामखुर्ची त्याने रघूला दिली. आजवर ती त्याने कुणाला दिली नव्हती.

"चित्र बरं आहे ना, दादा?" रघूभाईने जपून विचारलं.

"झकास आहे. तुला दिसतंय ना नीट?"

"मला काय, दिसतंच. तुझं सांग."

हरलेल्याने इतक्या मोठ्या मनाने घ्यावं, याचं दोघांनाही कौतुक वाटत होतं. रघूभाईने न सांगता दादाचं धोतर वाळत घातलं. दादाने रघूला आग्रहाने तिसरा मोदक वाढला. आरतीला दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. दोघांच्या बायका स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, की यंदा ह्यांना झालंय तरी काय.

चौथ्या दिवशी भजनाला बाबल्या गुरव आला. टीव्हीकडे बघून, दोन्ही भावांकडे बघून, तो मांडी ठोकून बसला. अनिलने घाईने त्याच्या हातात उसळीची वाटी दिली, पण बाबल्याचं तोंड अजून मोकळं होतं.

"मग? देवान सांगितलान तसाच झाला ना?"

अनिल मोदकाचं ताट घेऊन मधे सरकला. दादाने रघूकडे पाहिलं नाही. रघूने दादाकडे पाहिलं नाही.

"व्हय म्हाराजा," दोघं एकदम म्हणाले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही निघायचं होतं. दादाने अनिलला विहिरीजवळ बोलावून हातात एक पाकीट ठेवलं. पुढच्या गणपतीपर्यंत एक एलसीडी घेऊन ठेव, म्हणाला, चांगला मोठा. "रघूसाठी. कौल माझ्या बाजूनं लागला म्हणून काय झालं? पोरानं पाच दिवस ब्र काढलान नाय. मी आल्याशिवाय खोका उघडायचा नाय हां. मला त्याचं तोंड बघायचंय."

दादा बॅगा बांधायला गेला. अनिल वळला तर माडाखाली रघूभाई उभा होता, हातात पाकीट घेऊन. त्याला दादासाठी प्लाझ्मा हवा होता. आणि तो उघडताना दादाचं तोंड बघायला तो रजा टाकून दोन दिवस आधीच येणार होता.

गाडी वळणाआड गेल्यावर अनिल पडवीत आला. घरातल्या एलसीडीला प्लाझ्मा समजणाऱ्या दादाच्या देखत दुसरा एलसीडी उघडायचा, आणि त्याच एलसीडीला एलसीडीच समजणाऱ्या रघूभाईच्या देखत प्लाझ्मा. तिन्ही एकाच खोलीत, शेजारी शेजारी, चालू करून. त्याने ज्ञानेश्वरीला दोन्ही पाकिटं दाखवली आणि सगळं सांगितलं.

तिने पाकिटांकडे पाहिलंही नाही. "पण पुढच्या वर्षी येणार म्हणालेत ना दोघं?"

"येणार. भाई तर दोन दिवस आधी."

"मग झालं तर," म्हणत ती पडवीतल्या सतरंज्या गोळा करायला लागली.

अनिलच्या पोटात पुन्हा गोळा आला होता. पण इतक्या वर्षांत इतका सुखाचा गोळा त्याच्या पोटात कधी आला नव्हता.