नवशिका असल्याचा दाखला

कुरावाँगा गावाच्या वार्षिक कलास्पर्धेत यंदा विभाग क्रमांक चौदा नव्याने सुरू करण्यात आला: 'नवशिक्यांसाठी पियानो – कार्टूनपटांतील सोपे संगीत'. वयाची अट नव्हती. ती घालायची राहून गेली, हे कार्यवाह हेझल ट्रेंबाथ यांच्या लक्षात आलं तेव्हा निवृत्त पोस्टमन मर्व्ह टोलार्ड, वय सदुसष्ट, यांचा अर्ज येऊन पडला होता.

मर्व्हला बक्षीस नको होतं. त्याची सहा वर्षांची नात टिली पियानो झकास वाजवायची, पण स्टेजचं नाव काढलं की टेबलाखाली जाऊन बसायची. शेवटी स्पर्धेत उतरायला तिनं आजोबाला अट घातली, "पॉप, आधी तू वाजव. मग मी." झालं. म्हातारा जानेवारीपासून वाट चुकलेल्या पेंग्विनचं गाणं घोकत बसला. गाणं सोळा ओळींचं, बोटं गाठी आलेली. पण मे संपता संपता आलं बुवा त्याला.

अर्जासोबत नवशिका असल्याचा दाखला हवा, असं हेझलबाईंनी कळवलं. गावात दाखल्यांवर सही करण्याचा सरकारी अधिकार औषधाच्या दुकानातल्या कॉलिनकडे होता. कॉलिन माणूस सज्जन, पण ऐकल्याशिवाय सही कशी करणार? दोघं शेजारच्या क्लबातल्या पियानोपाशी गेले. मर्व्हनं जीव ओतून वाजवलं.

"अरे, एकही चूक नाही!" कॉलिननं पेन परत खिशात ठेवलं. "यावर सही केली तर उद्या माझा अधिकार जाईल."

"पाच महिने घासतोय रे."

"तीच तर भानगड आहे."

मर्व्ह तडक हेझलबाईंकडे गेला. त्यांनी दाखल्याचा नियम काढून दाखवला.

"मग पंधराव्या, खुल्या विभागात जा की, मर्व्ह."

"तिथं काय वाजवायचं?"

"काहीही. सोपं सोडून."

"मला सोपंच येतं, बाई!"

"म्हणजे तू नवशिका आहेस."

"मग चौदाव्यात घे!"

"दाखला आण."

प्रकरण समितीपुढे गेलं. चहा आणि स्कोन संपेपर्यंत गंभीर चर्चा झाली, आणि ठरलं की ज्याच्या वादनात किमान तीन चुका होतात तो नवशिका. मर्व्हनं घरी चुकांचा सराव केला. हेझलबाई तपासणीला आल्या, दोनदा ऐकलं आणि मान हलवली. दोन्ही वेळा तो त्याच जागी चुकला होता. ठरलेल्या जागी चुकणं हे प्रावीण्याचं लक्षण आहे, असा शेरा त्यांनी मारला. तडजोड म्हणून चुका प्रत्यक्ष स्टेजवर मोजायच्या ठरल्या, आणि एकट्या मर्व्हवर अन्याय नको म्हणून हा नियम विभागातल्या सगळ्या पोरांना लागू झाला.

गावात धावपळ उडाली. पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे चुकांचे जादा वर्ग भरले. "आमच्या ओवनचं पेंग्विन फार स्वच्छ येतंय हो," म्हणत एक आई रडकुंडीला आली होती.

स्पर्धेच्या दिवशी मर्व्ह स्टेजवर चढला. समोर अख्खा गाव बघून त्याचा पाच महिन्यांचा सराव पार उडाला. मोजून सात चुका झाल्या, सातही अस्सल. हेझलबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागं टिली आनंदानं उड्या मारत होती. "पॉप, तू केवढा चुकलास! आणि काहीच झालं नाही! आता मी जाते. मी सगळं बरोबर वाजवणार!"

ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते समोर उभं होतं: पोरीची भीती पळाली होती. मर्व्हचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात त्याला पहिल्या रांगेत हेझलबाईंची पेन्सिल दिसली. तो खाली वाकला.

"टिले, तीन ठिकाणी चुक बरं का."

"पण मला येतंय!"

"म्हणूनच, सोन्या."

टिली तीन ठिकाणी चुकली. प्रत्येक वेळी तिनं वळून आजोबाकडे पाहिलं. पहिल्या नंबराची निळी फीत तिलाच मिळाली.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "आता खरं वाजवू?"

"घरी गेल्यावर वाजव हां."

"घरी कोण ऐकणार?"

मर्व्हनं गाडी सुरू केली. आपण काय करून बसलो हे त्याला पुरतं कळलं होतं.

वाचकहो, या कुरावाँगाला खुशाल हसा. फक्त कंडक्टर जवळ आल्यावर ज्यांनी आपल्या पोराच्या कानात "जरा गुडघे वाकव, पाचच वर्षांचा आहे म्हण" असं सांगितलं असेल, त्यांनी थोडं हळू हसावं. पोरं ऐकत असतात.