ठकूनानीचा डावा हात

आमच्या ठकूनानीच्या डाव्या हाताला सगळं गाव चावलेलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत. कुठं दातांची अर्धी चंद्रकोर, कुठं चार नखांची ओळ, कुठं नुसताच निळसर डाग. घरी पाहुणी आली, की नानी चहाच्या आधी हात पुढं करायची आणि गावाची ओळख करून द्यायची.

"ही पाटलाची थोरली. ही शिंप्याची सून, पयली खेप. ही जनाबाई, जुळी हुती, म्हून दोन वळ. आन् हे जरा वाकडं दिसतंय न्हवं, ती मास्तरीण. दात फुडं हायेत तिचं."

पाहुणीचा चहा तसाच राहायचा.

गावात कुणाचंही बाळंतपण असलं, की नानी हजर. ती सुईण नव्हती. रक्त बघितलं की तिलाच घेरी यायची. ती आपली बाईच्या उशाशी भिंतीकडं तोंड करून बसायची आणि डावा हात मागं सोडायची. धर, पिरगळ, चाव, काय करायचं ते कर. उजवा हात द्यायची नाही. "त्यानं जेवायचं असतं," म्हणायची. कनवटीला नेलकटर असायचं. किती का जोराच्या कळा येईनात, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आदी नखं काप, बाई."

नानी म्हणजे माझ्या सासऱ्यांची भावजय. निमगाव केतकीच्या पलीकडं आमची वस्ती. आधी घरात मेंढरं होती. मी सून होऊन आले तोवर मेंढरं जाऊन ऊस आला होता. मी बारामतीची आणि बारावी पास. यातली दुसरी गोष्ट मी त्या काळात कुणी विचारलं नसतानाही सांगत असे.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बाळंतपणाबद्दल मला सगळं माहीत होतं, कारण दवाखान्यात मला एक पुस्तिका फुकट मिळाली होती. कळ आली की लांब श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं आणि डोळ्यांसमोर शांत समुद्र आणायचा, असं त्यात लिहिलं होतं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणून मी भिगवणला दिसतं ते धरणाचं पाणी डोळ्यांसमोर आणायचे. पाण्यामागोमाग तिथला मासळीचा वास यायचा आणि मी मोरीकडं पळायचे. पाच महिने हा सराव चालला.

शिवाय माझ्याकडं एक हुकमाचं पान होतं. पुण्याच्या मावसबहिणीनं सांगितलं होतं, की पाठीत एक इंजेक्शन देतात, मग कमरेखाली काही दुखत नाही, बाई गप्पा मारत मारत बाळंत होते. मी ही बातमी हौदावर धुणं धुणाऱ्या बायांना दिली.

"पाठीत सुई? जल्माची पाठ गेली म्हून समज," शिंप्याची सून म्हणाली.

"पाय लुळं पडत्यात," जनाबाई म्हणाली.

"तुम्ही कुणी बघितलंय?" मी विचारलं.

"बघाय कशाला पायजे?"

खरं तर त्यांच्याकडं उपाय काही कमी नव्हते. दुधात तूप, चमचाभर एरंडेल, कमरेला शेक. आणि सगळ्यांत जालीम उपाय माझ्या सासूबाईंचा: सोसायचं. त्याला ना चव, ना वास, आणि तो कुठंही मिळायचा. एकटी नानी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "केवढी असती गं ती सुई?" मी दोन बोटांत अंतर दाखवलं. मला काय माहीत? पण मी बारावी पास होते.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भुलीचे डॉक्टर बाहेरगावाहून येतात. फक्त बुधवारी, ऑपरेशनला." झालं, मी पोटावर हात ठेवून बाळाला रोज बुधवार समजावायला लागले. बाळ माझंच. ते सोमवारी दुपारी निघालं.

आमच्याकडं जुनी समजूत, की बाई अडू नये म्हणून घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या. नानीनं कंबर कसली. माझी वेणी सोडली, ट्रंकांची कुलपं काढली, ज्वारीच्या पोत्यांची तोंडं उघडली, मामंजींच्या डोक्याचा पटका सोडायला लावला. मग तिची नजर गोठ्याकडं गेली. "दावं बी गाठच की," म्हणाली आणि म्हैस सोडली.

म्हैस शेजाऱ्याच्या उसात शिरली. तिच्यामागं माझा नवरा, त्याच्यामागं मोकळ्या डोक्याचे मामंजी, आणि त्यांच्यामागं जीप चालवणारा किसन, म्हणजे नानीचा थोरला. मी जीपमध्ये मागच्या बाकावर आडवी, शेजारी नानी.

"नानी, मी ओरडणार नाही हं," मी म्हणाले. "माझा श्वास शास्त्रीय आहे."

"बरं बाई. घे तुजा श्वास. हात हितं ठिवते, लागला तर असू दे."

दहापर्यंत मोजायचं होतं. चारला मी चावले.

"कोपरापाशी नगं," नानी शांतपणे म्हणाली, "तितं जनाबाई हाय. जरा खाली सरक, मोकळी जागा हाय बग."

म्हैस सापडेपर्यंत मी जागा घेऊन ठेवली. मग बारामतीपर्यंतचा रस्ता. एकेका खड्ड्याला मी पुस्तिका लिहिणाऱ्याचा उद्धार करत होते, आणि नानी एकीकडं माझी कंबर चोळत किसनला म्हणत होती, "हळू रं, तुज्या वैनीचा शास्त्रीय श्वास चाललाय." दवाखान्याच्या दारात मी असं काही ओरडले, की रसवंतीवाल्यानं गुऱ्हाळ थांबवलं. मुलगी झाली. नानीच्या हातावर सुबक गोल वळ उमटला होता. पुढं कितीतरी वर्षं ती तो पाहुण्यांना दाखवायची, "ही आमची शिकल्याली. दात बगा कसं वळणदार उठल्यात."

दुसऱ्या खेपेला सहा वर्षं मध्ये गेली होती. बारामतीत नवा दवाखाना झाला होता आणि तिथं भुलीची डॉक्टर रोजची होती. तरणी मुलगी, बॉबकट. मी गेल्या गेल्या सांगितलं, "ते पाठीतलं द्या." या वेळी मी समुद्रबिमुद्र काही आणणार नव्हते.

"देऊ की," ती म्हणाली. "तुमची सही झाली. आमच्याकडं घरच्या एका माणसाचीही लागते."

कागद नवऱ्याच्या हातात गेला. नवऱ्यानं सासूबाईंकडं पाहिलं.

"आमाला कुटं हुतं असलं काय?" सासूबाई म्हणाल्या. "आमी न्हाय व्हय जल्माला घातली? आन् पाठ गेली हिची, तर घरातलं करनार कोन?"

"आई म्हणतीय तर..." नवरा म्हणाला आणि कागदाची घडी घालायला लागला. एकरातला ऊस एका दिवसात आडवा करणारा हा माणूस. कळ आली. मी खाट आवळून धरली. डॉक्टर म्हणाली, "लवकर ठरवा, फार उशीर झाला तर देता येणार नाही."

मी नानीकडं पाहायचं टाळलं. ज्या बाईचा गावातला सगळा मान एका हातावर उभा, ती त्या हाताची गरज संपवायला कशी हो म्हणेल? तिनं "नगं" म्हटलं असतं, तर पुढं कुणाचं काही चाललं नसतं.

नानी उठली. पुतण्याच्या हातातून कागद घेतला, घडी उलगडली.

"अंगटा कुटं द्यायचा गं, डाक्टर?"

"ठकूबाई, पाठ गेली म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या.

"पाठ तिची हाय. ती म्हनती दे, तर दे," नानी म्हणाली आणि त्याच डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. जरा जास्तच दाबला.

पुढचे दोन तास माझ्यासारखी सुखी बाई बारामती तालुक्यात नव्हती. मी चहा मागितला, मिळाला नाही. डॉक्टरला तिच्या लग्नाचं विचारलं. तिच्यासाठी एक स्थळही सुचवलं, माझा मामेभाऊ, थोडा बुटका. नानी खाटेजवळ बसली होती, भिंतीकडं नाही, माझ्याकडं तोंड करून. नखं कापून झाली होती. हात चादरीवर तसाच पडून होता. मी काही तो धरत नव्हते.

"खरंच दुकत न्हाय?" तिनं चौथ्यांदा विचारलं.

"खरंच नाही, नानी."

मग ती डॉक्टरला म्हणाली, "पोरी, हे औषिद औंदाच निगालं का गं?"

"छे हो, आजी. जुनंच आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासून देतात."

"पुन्यात बी?"

"पुण्यात तर होतंच की. मोठ्या दवाखान्यांत."

नानीनं मान हलवली. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेली. मी मामेभावाचं पुढं बोलणार होते, पण नानी स्वतःशीच बोलल्यासारखी बोलायला लागली.

"मेंढरं घिऊन कोकनात चाललो हुतो. मानसं फुडं ग्येली, मी मागं ऱ्हायले. बांदाच्या आडाला किसन झाला. वरडलं तर मेंढरं बुजत्यात, म्हून पदराचा बोळा घातला तोंडात." तिनं चादर सारखी केली. "तितनं पुन्याची घरं दिसत हुती."

मी मामेभावाला तिथंच सोडून दिलं. त्या दिवसातली ती माझी पहिली शहाणपणाची गोष्ट असावी. नानीनं माझ्या पोटावर हात ठेवला, जरा थांबली आणि म्हणाली, "कळ आली बग, मोटी हाय."

मला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं. नानीनं मात्र डोळे मिटून घेतले होते.